दोन पानांचे बटण

१

शनिवारी सकाळी साडेदहाला शहागडहून फोन आला, आणि साडेअकराच्या आत दीपमालापुढे सहीसाठी एक कागद ठेवला गेला.

शहागडचा दुकानदार संघपाल कोणत्याही कंपनीच्या लेबलावर विसंबत नसे. आगाऊ आलेल्या नमुन्यातले शंभर दाणे तो ओल्या गोणपाटावर ओळीने मांडी, गोणपाट गुंडाळून ठेवी आणि आठवड्याने उलगडून कोंब मोजी. लॉट क्रमांक एकशे सतरा, सोयाबीन. पोत्यांवरचे लेबल म्हणत होते, उगवण अठ्ठ्याहत्तर टक्के. गोणपाट म्हणत होते, सत्तावन्न. सत्तरच्या खालचे बियाणे विकायला मुळात परवानगीच नाही. संघपालने दारात उभ्या ट्रकमधून एकही पोते उतरू दिले नाही आणि कृषी खात्याला कळवून टाकले. निरीक्षक चार वाजता जालन्याच्या कंपनीत पोचणार होते.

दीपमाला त्या कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण तपासून संगणकावर नोंदी करी. सोमवारी चाचणीची नोंद करताना तिने अठ्ठावन्नऐवजी अठ्ठ्याहत्तर लिहिले, चूक सर्वस्वी तिची, असे कागदावर होते. त्यावर सही म्हणजे पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्याची आशा सोडणे. तिने पेन उचलले, खाली ठेवले आणि एवढेच म्हणाली की, सॉफ्टवेअरवाल्यांना बोलवा.

सॉफ्टवेअरवाला म्हणजे राजानंद. जालन्यातच मस्तगडला राहणारा, माणसांपेक्षा यंत्रांशी मोकळेपणाने बोलणारा तरुण. जुन्या जालन्याच्या गर्दीतून दुचाकी काढत तो पोचला, तेव्हा मालक गिरिधरराव केबिनमध्ये काळा चष्मा लावून बसले होते. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती.

त्यांनी राजानंदपुढेही एक कागद सरकवला. नोंद करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणालाही त्या नोंदीत बदल करणे अशक्य आहे, असे त्याने लिहून द्यायचे होते.

"तुमचा करार या महिन्यात संपतोय ना?" गिरिधरराव सौम्यपणे म्हणाले. "सोमवारी नवा करून टाकू. तेवढी सही करा."

"आधी बघतो, साहेब," राजानंद म्हणाला. आपला आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

"बघा. पुरावा तर फायलीतच आहे."

२

बघण्याआधीच राजानंदला एक गोष्ट ठाऊक होती, आणि तिची त्याला लाज वाटत होती. कंपनीतली प्रणाली जुनी होती. नोंद पहिल्यांदा कधी झाली ती तारीख ती जपून ठेवी. पुढे त्या नोंदीवर कुणी हात फिरवला तर त्याचा माग मात्र ती ठेवत नसे. लॉट एकशे सतराची नोंद दीपमालाच्या नावावर सोमवारची होती. अठ्ठ्याहत्तर हा आकडा सोमवारीच आला की नंतर, हे यंत्र सांगू शकत नव्हते. म्हणजे साहेबांना हवे होते ते प्रमाणपत्र खोटे होते. पण दीपमाला निर्दोष आहे, हेही त्याला सिद्ध करता येत नव्हते. चाचणीचे हाताने लिहिलेले कार्ड होते, तेही तिच्या कपाटातून नाहीसे झाले होते.

बारा वाजून दहा मिनिटे झाली होती.

तिच्या टेबलाशी तो उभा राहिला, आणि तीनच दिवसांपूर्वीचा बुधवार त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

पडद्याच्या वरच्या कडेला बटणांची एक पट्टी असते, टूलबार. त्यात 'जतन करा'च्या अगदी शेजारी 'पुसून टाका'ची लाल फुली होती, आणि घाईत दीपमालाचे बोट दोनदा तिच्यावर पडले होते. ही फुली लांब नेता येईल का, असे तिने आदल्या दिवशी संकोचून विचारले होते. राजानंदने ती दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. नको असलेली बटणे ओढून काढली, हवी ती आणून बसवली. अकरा बटणांची नेटकी ओळ झाली. आणि तिने न मागितलेली एक गोष्टही त्याने केली. त्या अकरांत तिसऱ्या जागी उगवणीचे रजिस्टर थेट उघडणारे एक नवे बटण बसवले आणि त्यावर चित्र लावले, दोन पाने फुटलेल्या कोवळ्या रोपट्याचे. ते त्याने आदल्या रात्री घरी, एकेक चौकोन रंगवून काढले होते. सोळा चौकोन रुंद, सोळा उंच. एवढ्याशा जागेत पान वळवायला त्याला दोन तास लागले होते.

"किती गोड काढलंय," ती म्हणाली होती. त्याला उत्तर सुचले नव्हते.

मग कार्यालयातली माणसे गंमत बघायला जमली. पाठवणी विभागाच्या शरयूताईंनी विचारले, चित्रांखाली मराठीत नावे येतील का. साहेबांचा पुतण्या शौनक, विक्री पाहणारा, म्हणाला की सगळा पडदा काळा करून द्या, भारी दिसेल. गिरिधरराव काळा चष्मा वर करून म्हणाले, आमच्यासारख्या आंधळ्यांसाठी काही सोय आहे का? राजानंदने सगळ्यांची हौस पुरवली. नावे आणून दाखवली, पडदा काळा केला, चित्रे मोठी करून दाखवली, आणि हसण्याच्या भरात पुन्हा सारे पूर्ववत केले.

दीपमालाची चूक नसेल, तर त्या हसण्यात उभ्या असलेल्यांपैकीच कुणीतरी अठ्ठावन्नचे अठ्ठ्याहत्तर केले होते.

३

शरयूताई बावीस वर्षे कंपनीत होत्या. शिवणाच्या सुईत दोरा ओवावा तशा बारीक अक्षरात त्या फायली लिहीत. साहेबांचा पडद्यावर विश्वास नव्हता, कागदावर होता. म्हणून माल पाठवण्यापूर्वी त्या लॉटची नोंद पडद्यावर आणून ती जशीच्या तशी छापायची आणि फायलीला लावायची, असा इथला रिवाज होता. त्यासाठी राजानंदनेच कळफलकावरच्या एका कळीवर पिवळी चिकटपट्टी लावून दिली होती. ती दाबली की अख्खा पडदा छापून बाहेर येई. शिपायापासून साहेबांपर्यंत पिवळी कळ सगळ्यांना ठाऊक होती.

"एकशे सतराचं पान तुम्ही छापलंत?" त्याने विचारले.

नाही, त्या म्हणाल्या. शुक्रवारी सकाळी फाइल उघडली तर पान लावलेलेच होते, सोमवारच्या तारखेचा शिक्का मारलेला. दीपमालानेच लावले असेल, असे त्या धरून चालल्या. शिक्का त्यांचाच, पण तो टेबलावर उघडा पडलेला असतो, त्याची तारीख कुणालाही फिरवता येते. बोलताना त्यांचा आवाज कापत होता. राजानंदच्या मनात आले की बावीस वर्षे मुरलेले माणूस उगाच कापत नाही.

शौनक मात्र कापत नव्हता, तो चिडला होता. "शहागडला माल न्यायचा शब्द मी दिला होता, हे खरंय," तो म्हणाला. "पण बुधवारी संध्याकाळी काका म्हणाले, हा लॉट नियमात बसत नाही, थांब. मी थांबलो. शुक्रवारी सकाळी म्हणाले, बसतो, ने. मी नेला. मला उगवण विचारू नका, मला ट्रक विचारा."

आकडा बदलला असेल तर या दोन बोलण्यांच्या मध्ये, आणि दिवसभर त्या संगणकापुढे दीपमाला असे; उरली गुरुवारची संध्याकाळ. "गुरुवारी संध्याकाळी कुठे होतात?"

"शहागडलाच. त्या संघपालकडे चहा पीत. विचारा त्यालाच. तेव्हाही तो गोणपाटावर पाणी शिंपडत होता."

राजानंदने खरोखरच फोन लावला. संघपालने खातरी दिली, वर एक टोमणाही दिला की तुमच्या यंत्रापेक्षा माझे गोणपाट बरे, ते कुणाच्या ऐकण्यात नाही.

राहिला शिपाई शिवाजीमामा. कार्यालयाच्या किल्ल्या त्याच्याकडे. दीपमाला पाचला निघाली की तिचा संगणक चालूच राही, आणि सात वाजता सगळी यंत्रे बंद करण्याचे काम मामाचे.

"मामा, गुरुवारी पाच ते सातमध्ये आत कोण होतं?"

"कोन्हीच न्हाई. शरयूताईंना त्या दिवशी लवकर जायाचं व्हतं, त्या साडेचारलाच गेल्त्या. शौनकभैया भाईर. मी दारात बसून व्हतो, एक चिमणी बी आत गेली न्हाई."

"बिलकुल कोणी नाही?"

"अहो, साहेब व्हते. पन साहेब तर असतातच की."

राजानंदने ते वहीत लिहून घेतले आणि पुढच्या ओळीकडे वळला. दोन वाजून गेले होते, आणि चोर आत न शिरताच चोरी झाली होती.

४

मग त्याने ते पान हातात घेतले.

काळ्यापांढऱ्या शाईत छापलेला दीपमालाचा पडदा. लॉट एकशे सतरा. नोंदीची तारीख सोमवार. उगवण अठ्ठ्याहत्तर. कोपऱ्यात जांभळा शिक्का, तोही सोमवारचाच. फायलीतल्या बाकीच्या पानांवर तळाशी घड्याळ आणि तारखेची पट्टी छापलेली होती. या पानाची तळाची दोन बोटे कातरीने कापून टाकलेली होती. कापणाऱ्याला एवढे ठाऊक होते की पडद्यावर वेळ खाली असते.

पण वर?

राजानंदची नजर वर सरकली. टूलबार. पहिले बटण. दुसरे. तिसरे.

तिसऱ्या जागी दोन पानांचे रोपटे होते.

तो उठून उभा राहिला. खुर्ची मागे पडली, तिचा आवाज सगळ्या कार्यालयाने ऐकला. सोमवारी हे रोपटे जगात नव्हते! मंगळवारी रात्री ते त्याच्या बोटांतून जन्मले आणि बुधवारी दुपारी या पट्टीत रुजले. सोमवारचा शिक्का मारलेल्या पानावर बुधवारचे पान फुटले होते. उजवीकडचे पान वळवताना राहून गेलेला एक जास्तीचा चौकोनसुद्धा छपाईत स्पष्ट दिसत होता. त्या चौकोनाची त्याला तीन दिवस रुखरुख लागून राहिली होती.

दीपमाला सुटली. सोमवारी अठ्ठ्याहत्तर होते, याचा एकुलता एक पुरावा बुधवारनंतर बनवलेला होता, आणि खऱ्या गोष्टीसाठी कुणी खोटा पुरावा बनवत नाही.

त्याला धावत जाऊन तिला सांगावेसे वाटले. दारापर्यंत गेलाही. आणि तिथेच थबकला. तो चौकोन इतका स्पष्ट दिसला कसा? सोळा चौकोनांचे चित्र कागदावर हरभऱ्याच्या डाळीएवढे उमटायला हवे. हे तर टपोऱ्या हरभऱ्याएवढे होते.

त्याने बटणे मोजली. एकदा. पुन्हा एकदा.

त्याने बसवली होती अकरा. पानावर होती आठ.

५

दीपमाला प्रयोगशाळेत अंकुरांच्या तबकांपुढे बसली होती. तिचे डोळे कोरडे होते, पण एकच तबक ती कितव्यांदा तरी मोजत होती. राजानंदने तिला रोपट्याचे सांगितले. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"मॅडम, एक विचारू? तुमच्या पट्टीतली तीन बटणं कुणी काढली होती का?"

"नाही." मग ती किंचित थांबली. "पण शुक्रवारी सकाळी एक झालं होतं. सांगायला कसंतरी वाटतंय. मशीन सुरू केलं तर सगळी चित्रं ही एवढी मोठी झालेली. मला वाटलं, तुम्हीच केली."

"मी?"

"म्हटलं, सरांनी ते रोपटं नीट दिसावं म्हणून जाता जाता करून ठेवलं असेल." ती तबकाकडे बघतच बोलत होती. "मला आवडलं. दुपारपर्यंत तसंच ठेवलं मी. पण शेवटची बटणं दिसेनात, मंग लहान करून टाकली."

राजानंदचे कान तापले. पण या वेळी त्यांत संकोचापेक्षा दुसरेच काही अधिक होते. तो तिच्या टेबलाकडे जवळजवळ धावला. बटणांच्या मांडणीची खिडकी उघडून त्याने 'मोठी चित्रे' या ओळीपुढे खूण केली. पट्टी फुगली. एक, दोन, तिसरे रोपटे, चार, पाच... आठ. पुढची तीन बटणे जागेअभावी गडप झाली आणि उजव्या कडेला दोन चिमुकले बाण उमटले. त्याने पान पडद्याशेजारी धरले. त्या कडेवरही तेच दोन बाण होते. इतका वेळ त्याने ते शाईचे डाग समजले होते.

कुणीही बटणे काढली नव्हती. चित्रे मोठी केली होती, एवढेच. आणि काम झाल्यावर ती लहान करायची राहून गेली होती.

का राहून गेली? विसरल्यामुळे? की कशी करायची ते ठाऊक नसल्यामुळे? बुधवारी त्याने मोठी कशी होतात ते सावकाश दाखवले होते; लहान केली ती मात्र सगळे हसत असताना, कुणी बघत नसताना.

आता प्रश्न साधा होता आणि म्हणूनच भयंकर होता. जतनाचे बटण कोणते आणि लाल फुली कोणती, हे मोठे करून पाहिल्याशिवाय कुणाला कळत नव्हते? बारीक अक्षर लिहिणाऱ्या शरयूताईंना? गुरुवारी शहागडला असलेल्या शौनकला?

वहीतले वाक्य त्याच्या कानात पुन्हा बोलू लागले. साहेब तर असतातच की. भिंतीवरचे घड्याळ रोज असते म्हणून घरातल्या वस्तूंत कुणी ते मोजत नाही, तसे.

त्याने मनगटाकडे पाहिले. सव्वातीन. वरच्या खिशात या महिन्यात संपणाऱ्या त्याच्या कराराची घडी होती. ती त्याला एकाएकी फार जड वाटू लागली.

६

केबिनमध्ये दीपमाला, शरयूताई आणि शौनक उभे होते. शिवाजीमामा दारात टेकला होता. राजानंदने ते पान टेबलावर ठेवले.

हे पान सोमवारचे नाही, हे त्याने रोपट्यावरून दाखवले. ते गुरुवारी पाच ते सातमध्येच झाले, हेही दाखवले: बुधवारी हा लॉट बसत नव्हता, शुक्रवारी सकाळी पान फायलीत होते आणि चित्रे मोठी झालेली होती. त्या दोन तासांत शरयूताई घरी होत्या, भैया शहागडला होते, दीपमाला पाचलाच निघून गेली होती. ज्याने हे केले त्याने पिवळी कळ दाबली, शिक्का फिरवला, खालची वेळ कापली. वरची पट्टी त्याने तशीच ठेवली, कारण त्याच्या लेखी ती नेहमीच तिथे असते. आणि चित्रे मोठी केली, कारण लहान चित्रे त्याला दिसत नव्हती.

एवढे बोलून तो थांबला. नाव घेण्याची गरज उरली नव्हती. सगळ्यांच्या नजरा हळूहळू काळ्या चष्म्याकडे वळल्या होत्या.

शरयूताई तोंडावर पदर धरून म्हणाल्या की शुक्रवारी त्यांना शंका आली होती, कातरीचा काप साहेबांच्या सवयीचा होता, तिरका. पण बोलायची हिंमत झाली नाही.

गिरिधररावांनी चष्मा काढला. उजवा डोळा अजून लालसर होता.

"एकशे सतरा माझ्या स्वतःच्या शेतातला आहे," ते म्हणाले. "या कंपनीचं पहिलं बियाणं त्याच रानातून निघालं होतं. त्या रानाचं बी उगवत नाही, हे कार्डावर लिहिलेलं मला वाचवेना. वाटलं, पाऊस चांगला झाला तर जमीन भरून काढेल. जमिनीला काय माहीत अठ्ठावन्न का अठ्ठ्याहत्तर."

"जमिनीलाच माहीत असतं, साहेब," दीपमाला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आणि तुम्ही ते माझ्या नावावर टाकलं. सहा वर्षं रोज सकाळी तुम्हाला नमस्कार करून राह्यले मी."

गिरिधररावांनी खण उघडला आणि आतून एक कार्ड काढले. तिच्या अक्षरातले अठ्ठावन्न. ते त्यांना फाडवले नव्हते.

"काय पाहिजे तुला?" त्यांनी विचारले.

राजानंदला वाटले, ती माफी मागायला लावील. किंवा सहीचा तो कागद त्यांच्याच तोंडावर फाडील. तिने दोन्ही केले नाही. ती बाहेर गेली, आपल्या टेबलाशी जाऊन उभी राहिली आणि खुर्ची मागे ओढून वाट बघू लागली. गिरिधरराव दारापर्यंत आले, तिथे क्षणभर थांबले, मग येऊन त्या खुर्चीत बसले. सारे कार्यालय गोळा झाले.

"आकडा तुम्ही बदललात. परत तुम्हीच करा," ती म्हणाली. "आणि निरीक्षकांनाही तुम्हीच सांगा."

त्यांनी पडद्याजवळ डोळे नेले. बोट एका चित्रावरून दुसऱ्यावर फिरत राहिले. कोणते चित्र कशाचे, ते त्यांना उमगेना. दीपमालाने पुढे वाकून मांडणीची खिडकी उघडली आणि 'मोठी चित्रे' या ओळीपुढे स्वतःच्या हाताने खूण केली. पट्टी फुगली. तिसऱ्या जागी रोपटे उभे राहिले, दोन्ही पाने पसरून, उजवीकडचा जास्तीचा चौकोन मिरवत.

गिरिधररावांनी ते दाबले. रजिस्टर उघडले. लॉट एकशे सतरा. सात पुसून त्यांनी पाच लिहिला आणि जतन केले. मग कुणी न सांगता पिवळी कळ दाबली. छापून आलेले पान त्यांनी उचलले. घड्याळासकट, तीन वाजून बावन्न मिनिटे. ते हातात घेऊन ते उठले आणि बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले. फाटकाशी निरीक्षकांच्या जीपचा भोंगा वाजला. शौनकने फोन काढून शहागडच्या ट्रकला माघारी फिरायला सांगितले.

राजानंदने खिशातून कराराची घडी काढली, पाहिली आणि दीपमालाच्या टेबलावर ठेवली. इथे आता आपल्याला कुणी बोलावणार नाही, हे त्याला कळत होते, आणि तरीही तो निघाला नाही.

"चित्रं लहान करून देऊ का?" त्याने विचारले.

"राहू द्या," दीपमाला म्हणाली. ती आपल्या कपाटातले सामान पिशवीत भरत होती. दाणे मोजायची, शंभर खळग्यांची तिची जुनी पाटी, चिमटा, भिंग. "मी सोमवारपासून इथे येणार नाही. दुसरीकडे बघीन." पिशवीचा बंद ओढताना तिने मान वर केली. "सर, नव्या जागी मला टूलबार लावायचा असंल, तर तुम्ही याल ना?"

"येईन," राजानंद म्हणाला. या वेळी त्याला उत्तर सुचले होते. "पण तो जास्तीचा चौकोन काढून आणीन."

"तो नका काढू," ती म्हणाली. "त्याच्यावरूनच तर ओळखू आलं."